रबराची मोटार

या वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्यावे असा संपादकांचा मला दरसाल आग्रह असतो, आणि मीही दरसाल एखादा बोधपर विषय निवडून त्यांची मागणी पुरवीत आलो आहे. यंदा मात्र बोध करण्याचा अधिकार मजपाशी उरलेला नाही. यंदा मी कबुलीजबाब लिहीत आहे. गुरुजींच्या हातून घडलेली चूक गुरुजींनी आपल्या मनाशीच ठेवावी, असा आमच्या व्यवसायातील एक अलिखित संकेत आहे. परंतु ही चूक मी भरवर्गात केली, वर्गातील सर्व मुलांनी ती ऐकली, आणि सायंकाळी ती घरोघर सांगितलीही गेली असेल. तेव्हा तिचे निरसनही तितक्याच उघडपणे व्हावे, हे न्यायाचे आहे.

हकीकत अशी. जुलै महिन्यात नववीच्या वर्गास मी ‘मला आवडलेले यंत्र’ या विषयावर निबंध घातला. बहुतेकांनी मोबाईल फोनवर लिहिले, दोघातिघांनी ट्रॅक्टरवर लिहिले, आणि एका मुलीने आपल्या आईच्या शिलाईच्या यंत्रावर फारच सुरेख लिहिले. आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या रोहिणखेडच्या एका विद्यार्थ्याने मात्र मोटारगाडी हा विषय घेतला होता. आणि ती मोटार कोणत्याही दुकानात विकत मिळणारी नव्हती. टाटांची नॅनो निघाली त्याच्या कितीतरी वर्षे आधी, इचलकरंजी गावी, कुलकर्णी नावाच्या एका गृहस्थांनी स्वतःच्या बुद्धीने एक चिमुकली मोटार बनविली होती, असे त्याने लिहिले होते. तिचे इंजिन पुढे नसून पाठीमागे होते. तिला पोलादी कमानी नव्हत्या, त्यांच्या जागी रबर होते. ‘माझ्या आजोबांनी ती स्वतः पाहिली आहे,’ हे निबंधाचे शेवटचे वाक्य होते, आणि त्याखाली पेन्सिलीने काढलेले त्या मोटारीचे चित्र होते.

तो निबंध मी वर्गात मोठ्याने वाचून दाखविला. निबंध कसा लिहू नये याचा मासला म्हणून वाचून दाखविला, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘रबर’ या शब्दापाशी येताच मी थांबलो आणि चष्म्यावरून वर्गाकडे पाहिले. शिक्षकाच्या अशा पाहण्याचा अर्थ मुलांस बरोबर कळतो. वर्गात हशा पिकला. “मग चाके पोलादाची आणि गाडी रबराची, असे होते की काय?” अशी पुस्ती मीच जोडली, आणि हशा दुप्पट झाला. शेवटी वहीत तांबड्या शाईने शेरा मारला: ‘निबंध म्हणजे कल्पनाविलास नव्हे. खरे तेच लिहावे.’ त्या दिवसापासून त्या मुलास ‘रबरी मोटार’ असे नाव पडले.

माझ्या अविश्वासास एक बरे कारण होते आणि एक वाईट होते. बरे कारण आधी सांगतो. आपल्याकडे सर्व काही पूर्वीच होऊन गेले होते, अशा कथांचा हल्ली सुकाळ आहे. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविले, ही कथा कोणी ना कोणी विद्यार्थी हमखास लिहून आणतो. त्या उड्डाणाचा विश्वसनीय असा पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून अभिमान बाळगणे हे सत्याशी केलेले लबाडीचे वर्तन होय, असे मी मुलांस नेहमी सांगत आलो आहे. आजही माझे तेच मत आहे. रोहिणखेडच्या मुलाचा निबंध मी त्याच पंक्तीत बसविला. वाईट कारण कोणते, ते मला पुढे उमगले, म्हणून पुढेच सांगतो.

ऑक्टोबर महिन्यात वसतिगृहाचे अधीक्षक सहज बोलता बोलता म्हणाले, “तुमचा तो चित्रे काढणारा मुलगा हल्ली चित्रे काढीत नाही. वही रद्दीत टाकून दिली त्याने.” त्या रात्री मला नीट झोप आली नाही. मुलगा खोटे बोलला असेल, तर त्याने चित्र काढणे का सोडावे? खोटे उघडकीस आल्यावर मुले ओशाळतात, रागावतात, दुसऱ्या दिवशी विसरूनही जातात. पण प्रिय वस्तू टाकून देणे, हे ज्याचे खरे कोणी मानले नाही त्याचे लक्षण आहे. दिवाळीच्या सुटीत मी एस.टी.च्या गाडीत बसलो आणि रोहिणखेडास गेलो.

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातील गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. वर घाटमाथा आणि खाली वऱ्हाडची काळी जमीन, अशा उंबरठ्यावरच्या जागी सैन्यांची गाठ पडावी यात नवल नाही. १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखान फारुकीचा येथे पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अहमदनगरच्या गादीसाठी झालेल्या झगड्यात, बुऱ्हाण निजामशहाच्या पक्षाने येथेच जमालखानाचा पाडाव केला. त्याच जमालखानाच्या पक्षातील खुदावंतखान महदवी याने १५८२ साली बांधलेली लहानशी पण देखणी मशीद गावात अद्याप उभी आहे. तिच्या दगडी भिंतीपाशी मी क्षणभर थांबलो. लढाया कोणी जिंकल्या हे पुस्तकांत लिहून ठेवलेले आहे. मशीद कोणी बांधविली हेही ठाऊक आहे. परंतु तिचा एकेक दगड ज्याने घडविला त्याचे नाव विचारू गेल्यास कोणी सांगू शकणार नाही, हा विचार मनात येऊन गेला.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. मुलाचे आजोबा ओट्यावर बाजेवर बसले होते. वय सत्तरीच्या पुढचे, दृष्टी अधू झालेली, परंतु आवाज खणखणीत. मी कोण हे कळताच त्यांनी नातवाकडे पाहिले. नातू घरात निघून गेला. म्हातारबाबांस सर्व ठाऊक होते. ते म्हणाले, “मास्तर, म्या माह्या डोयानं पायली ते गाडी.”

मग त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडण्यापेक्षा दूर जाऊन पोट भरावे म्हणून गावच्या एका सोबत्याबरोबर ते इचलकरंजीस गेले आणि यंत्रमागांच्या एका शेडमध्ये कांड्या भरण्याच्या कामावर राहिले. एके दिवशी सायंकाळी पाळी सुटल्यावर रस्त्याच्या कडेला माणसांचा घोळका दिसला. मध्ये ती गाडी उभी होती. “खेयन्यावानी लहान. लोक म्हनत, हे आपल्या गावात बनेल हाये. म्या खाली वाकून पायलं, तं पाटेच नाई, रबर लावेल. मले तं बैलगाडीचंच ठाऊक. म्या म्हनलं, वा रे पठ्ठ्या!” कमानींस आपल्याकडचे गाडीवान आणि गॅरेजवाले पाटे म्हणतात, हे शहरातील वाचकांसाठी सांगतो.

मी निघालो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “मले खोटा म्हना मास्तर, मी बुढा मानूस हाओ. पोराले नका म्हनू.”

मजपाशी उत्तर नव्हते. ‘मी शोध करीन,’ एवढेच म्हणालो.

शोधास फार श्रम पडले नाहीत, आणि हीच गोष्ट मला अधिक लाजविणारी आहे. माझे एक सहाध्यायी मिरजेस असतात. तेथून इचलकरंजी फार दूर नाही. त्यांस मी पत्र धाडले. आठ दिवसांच्या आत त्यांचा फोन आला. “अरे, ती मीरा! इकडच्या जुन्या माणसांस विचार,” असे ते हसत म्हणाले, आणि मग त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर व छायाचित्रे पाठविली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीस टाटांची नॅनो प्रथम लोकांस दाखविण्यात आली, तेव्हा अनेकांस या जुन्या मोटारीची आठवण झाली होती आणि तिजविषयी लेख आले होते. मी तेव्हाही वर्तमानपत्र वाचीत होतो. पण ते लेख माझ्या नजरेतून निसटले.

जे हाती आले त्याचा सारांश असा. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी हे अभियांत्रिकीचे पदवीधर नव्हते. त्यांचे शालेय शिक्षणही थोडेच झाले होते. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. युद्धकाळात आपल्या देशात पेट्रोलवर नियंत्रण आले होते आणि कित्येक मोटारी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागत. पेट्रोल थोडे पिणारी, किमतीने सामान्य गृहस्थास झेपणारी, लहान मोटार हवी, ही कल्पना त्या काळी जगात अनेकांच्या डोक्यात घोळत होती. फ्रान्समध्ये सीट्रोएन कंपनीने शेतकऱ्यांच्या उपयोगाची आपली प्रसिद्ध दोन सिलिंडरची लहान गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. तिच्यामागे मोठा कारखाना, शेकडो कामगार आणि वर्षानुवर्षांचे प्रयोग होते. आणि पुढच्याच वर्षी, १९४९ साली, पंचगंगेच्या काठच्या एका विणकरांच्या गावी शंकररावांची पहिली, दोन माणसांची, मोटार तयार झाली. तिला एम. एच. के. १९०६ असा नोंदणीक्रमांक होता.

हा क्रमांक वाचला तेव्हा मी वही मिटून ठेवली. कल्पनाविलासास नोंदणीक्रमांक मिळत नसतो.

शंकरराव तेथे थांबले नाहीत. पहिल्या गाडीत उणिवा दिसल्या त्या काढून दुसरी, दुसरीतल्या काढून तिसरी, असे करीत ते वीस वर्षांहून अधिक काळ या एकाच कामाच्या मागे राहिले. १९७० च्या सुमारास जो नमुना सिद्ध झाला, त्याचे इंजिन पाठीमागे बसविलेले होते. ते दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आणि सुमारे चौदा अश्वशक्तीचे होते. एका लिटर पेट्रोलमध्ये गाडी सुमारे वीस किलोमीटर जाई. विक्रीस आली असती तर तिची किंमत सुमारे बारा हजार रुपये पडणार होती. त्या वेळच्या बाजारातील इतर मोटारींहून ती पुष्कळच कमी होती. आणि तिच्यात पोलादी कमानींच्या जागी रबर होते. ज्या शब्दावर मी वर्ग हसविला, तोच शब्द त्या निबंधातील सर्वांत खरा शब्द ठरला.

रबर का, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. रस्त्यावरचा खड्डा चाकास लागतो तेव्हा तो धक्का बसणाऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये काहीतरी लवचीक असावे लागते. पोलादी पट्ट्यांची कमान हे काम करते. पण तिच्याबरोबर खिळी, कड्या, पकडी, धक्काशामक दांडे असा परिवार येतो. त्यास वंगण घालावे लागते, तो झिजतो, आणि प्रत्येक भाग बनविण्यास व बदलण्यास पैसा लागतो. रबराचा ठोकळा दाबला जातो, पुन्हा मूळ आकारास येतो, आणि धक्क्याचा काही भाग स्वतःच जिरवितो. त्यास वंगण लागत नाही. भागांची संख्या घटते, म्हणजेच किंमत घटते. ही कल्पना हसण्यासारखी असती तर इंग्लंडात १९५९ साली निघालेल्या जगप्रसिद्ध मिनी मोटारीत ॲलेक इसिगॉनिस यांनी रबराचेच शंकू वापरले नसते. इंजिन पाठीमागे ठेवण्यातही असाच हिशेब आहे. इंजिन आणि फिरणारी चाके जवळजवळ आली की पुढून मागे जाणारा लांब दांडा लागत नाही. वजन वाचते, बसण्यास जागा मिळते. २००८ सालच्या नॅनोचे इंजिनही दोन सिलिंडरचे आणि पाठीमागेच होते. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे माझे म्हणणे नाही. काटकसरीने विचार करणारी दोन डोकी, इतक्या वर्षांच्या अंतराने, एकाच ठिकाणी येऊन पोहोचली, एवढेच.

मग ही मोटार आपल्या रस्त्यांवर का दिसत नाही? शंकररावांची मीरा मोजक्या नमुन्यांपलीकडे गेली नाही; तिचा कारखाना उभा राहिला नाही. त्या काळी मोटार बनविणे हे केवळ बुद्धीचे काम नव्हते. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ साली आणि वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली स्थापन झाली; त्यांच्यामागे मोठे भांडवल होते, आणि गाड्यांचे आराखडे परदेशांतून घेतलेले होते. १९५१ च्या कायद्याने अशा उद्योगांस सरकारी परवाना आवश्यक झाला. केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांसारख्या बलाढ्य कंपन्यांनीही १९५३ नंतरच्या धोरणामुळे येथील जोडणीचे काम गुंडाळले. लहान मोटार हवी की नको, याचा विचार सरकारी समित्या १९५९ पासून करीत होत्या. सामान्य माणसाची म्हणून जी मारुती पुढे गाजली, तिची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये, जपानच्या सुझुकी कंपनीच्या साहाय्याने, बाहेर पडली. तोवर शंकररावांची पहिली गाडी चौतीस वर्षांची जुनी झाली होती.

इचलकरंजीविषयीही दोन शब्द. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे सारे गाव धोट्यांच्या आवाजाने दुमदुमू लागले. ज्या गावात प्रत्येक गल्लीत यंत्र मोडते आणि दुरुस्त होते, तेथे यंत्राचे भय कोणास वाटत नाही. अशा गावी मोटार निपजली यात वस्तुतः आश्चर्य नाही. आश्चर्य मला वाटले, कारण मी ते गाव नकाशावर पाहिले होते, मनाने पाहिले नव्हते.

आता ते वाईट कारण सांगतो. त्या मुलाने इचलकरंजीच्या जागी डेट्रॉईट अथवा ट्युरिन लिहिले असते, तर रबराच्या कमानींवर मी हसलो असतो काय? नसतो. ‘विज्ञानाची केवढी ही प्रगती!’ असा शेरा मारून मी चांगले गुण दिले असते. म्हणजे मी पुराव्याची मागणी केली ती सत्याच्या प्रेमाने केली नाही. गावाचे नाव पाहून केली. आणि पुरावा मागितलाही नाही, तो नाहीच असे ठरवून मोकळा झालो. नासरेथ गावचे नाव ऐकताच नथनेलाने जी शंका काढली ती आपल्या शुभवर्तमानात आहे. मी लहानपणापासून ती शिकलो, कित्येकदा उपासनेच्या वेळी तिच्यावर बोललो. फिलिप्पाने त्यास वादाने उत्तर दिले नाही. येऊन पाहा, इतकेच सुचविले. आणि नथनेल, त्याच्या श्रेयाची गोष्ट ही, की उठून गेला. मला उठून जाण्यास चार महिने लागले.

काही सुज्ञ पालक म्हणतील, की जी मोटार बाजारात आलीच नाही तिचे एवढे कौतुक कशास? प्रश्न योग्य आहे. याच दक्षिण महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तो विकला गेला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले. इतिहास बहुधा बाजाराच्या मागून चालतो. परंतु दिलेले रुपये ज्याने पुरून ठेवले त्या चाकराचा दाखला आपण वाचतो, तेव्हा दोष कोणास लागतो? ज्याचा व्यापार बसला त्यास नव्हे. ज्याने भयाने हातच घातला नाही त्यास. शंकररावांनी आपले काहीही पुरून ठेवले नाही. आणि जर कोणी काही पुरून टाकले असेल, तर ते मी. एका पंधरा वर्षांच्या मुलाची चित्रवही मी पुरावयास लावली.

दिवाळीनंतर शाळा भरली त्या पहिल्या दिवशी मी नववीच्या वर्गात गेलो. हजेरी घेतल्यावर तो निबंध पुन्हा वाचून दाखविला, या खेपेस कोठेही न थांबता. मग नोंदणीक्रमांक फळ्यावर लिहिला, मीराचे छायाचित्र वर्गात फिरविले, आणि सांगितले, की जुलै महिन्यात या वर्गात एकच व्यक्ती असत्य बोलली, आणि ती व्यक्ती टेबलाच्या या बाजूस उभी होती. पुरावा मागण्याची सवय सोडू नका, हेही सांगितले; फक्त तो मागताना गाव, घर आणि अंगावरचे कपडे पाहू नका. तांबड्या शाईचा शेरा सर्वांसमोर खोडला आणि त्याखाली सही केली. वर्ग अगदी शांत होता. मुलगा मान खाली घालून उभा होता. मी त्याची क्षमा मागितली.

काय बोलावे हे त्यास सुचले नसावे. थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि इतकेच विचारले, “सर, आजोबांना फोन करून सांगू का?”

वर्गात मोबाईल वापरण्यास आपल्या शाळेत सक्त मनाई आहे. त्या दिवशी तो नियम मी माझ्याच फोनवरून मोडला.